गंजीचं तोंड

गवताची गंजी रचणाऱ्याला लोक त्याच्या माघारी 'गुडघ्या' म्हणतात. कारण त्याचं काम उभ्यानं होत नाही. खालून एक माणूस पेंढ्या वर देतो आणि हा वर गुडघ्यांवर बसून एकेक पेंढी लावतो, गुडघ्यानं दाबतो, मागं सरकतो, पुन्हा लावतो. असा गोल गोल फिरत तो गंजीबरोबरच वर चढत जातो. शिडीनं वर जाणारे जगात पुष्कळ. पण आपल्याच कामावर बसून वर जाणं देवानं फार थोड्यांना दिलं आहे.

ठिपकीचा बाप असा होता. हनुवटीवरच्या तिळावरून पोरीला ठिपकी म्हणायला त्यानंच सुरुवात केली, आणि शाळेतल्या हजेरीपुरतं तिचं खरं नाव उरलं. आसपासच्या दहा गावांत त्याच्या गंज्या उभ्या असायच्या. त्याच्या गुडघ्यांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी घट्ट झाली होती. पाऊस आला तर लोकांच्या घरात गळायचं, पण त्यानं रचलेल्या गंजीत थेंब शिरायचा नाही.

गंजी रचणाऱ्यांची एक रीत असते. ते गंजीला एक तोंड ठेवतात. सगळीकडं पेंढीचे बुंधे बाहेर आणि शेंडे आत. पण एका बाजूला, वरपासून खालपर्यंत हात-दीड हाताचा एक पट्टा उलटा लावायचा, शेंडे बाहेर. तेवढा पट्टा बाकीच्या गवतात गुंतवायचा नाही. गरज पडेल तेव्हा तिथून ओढायचं. गंजी पोटातून रिकामी होत जाते आणि बाहेरून तशीच उभी राहते. भलतीकडून ओढली तर बसते. आणि तोंड कुठं आहे हे गंजी उघडायच्या दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नाही, चोरांच्या भीतीनं. बाप हसून म्हणायचा, "बायकोचं वय आणि गंजीचं तोंड, विचारू नये आणि सांगू नये."

गेल्या हंगामाच्या शेवटी त्यानं स्वतःच्या अंगणात स्वतःच्या जनावरांसाठी गंजी रचली. दुपारी वरून उतरला, अंगावरची कुसळं झटकली, बायकोला म्हणाला, "पाणी दे." ती तांब्या घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. तांब्या काही त्यानं घेतला नाही.

तोंड सांगायचं राहून गेलं.

यंदा पावसानं पाठ फिरवली. माळावर गवत घोट्याएवढंही आलं नाही. माळ्यावरचा चारा संपला, मग बांधावरचं वाळलेलं संपलं, मग आई झाडांचा पाला ओरबाडून आणायला लागली. गोठ्यात दोनच जनावरं होती, एक म्हातारा बैल आणि एक गाभण गाय. गाईला आठवा महिना लागला होता. तिच्या पोटात एक जीव वाढत होता आणि पाठीवरची हाडं वर येत होती.

"आता गंजी उघडायला हवी," आजोबा म्हणाले. हे बापाचे वडील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, तोंडात देवाचं नाव.

"कुठून उघडणार?" आई म्हणाली.

"शोधू की."

"वरच्या आळीतल्यांनी शोधलं होतं ना? म्हैस बसावी तशी बसली त्यांची गंजी. दोन दिवसांत भिजून कुजून गेली."

"भिजायला पाऊस तर पडू दे आधी!"

आई हसली नाही. विळा घेऊन पाल्याला निघून गेली.

आजोबांनी मग जनावरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो आला. गाईच्या बरगड्यांवरून त्यानं बोटं फिरवली, पेटी वाजवणारा सुरांवरून फिरवतो तशी. म्हणाला, "बाजाराच्या दिवशी येतो. तोवर हिच्या पोटात काही पडलं तर ठेवा. नाही पडलं तर मी नेतो. इथं मरण्यापेक्षा बरं." बाजार आठ दिवसांवर होता.

त्याच आठवड्यात शाळेत चित्रकलेच्या बाईंनी वर्गाला काम दिलं. शेवटचं वर्ष होतं. एक कलाप्रवाह निवडायचा, त्यातला एक चित्रकार निवडायचा आणि त्याच्या रीतीनं स्वतःचं चित्र काढायचं.

"नक्कल नको," बाई म्हणाल्या. "त्याचा डोळा उसना घ्या, हात तुमचा असू दे."

मग त्यांनी पुस्तक उघडून दृक्प्रत्ययवाद दाखवला. माहीत असतं ते काढायचं नाही, त्या घटकेला डोळ्यांना जे दिसतं ते काढायचं, असं म्हणणारी मंडळी. त्यात एक दाढीवाला चित्रकार होता, फार लांबच्या देशातला. त्यानं गवताच्या गंज्याच काढल्या होत्या. सकाळची गंजी, दुपारची, मावळतीची, बर्फातली. त्याच त्या गंज्या, पुन्हा पुन्हा.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, याला दुसरं काही काम नव्हतं का?"

वर्ग हसला. ठिपकी हसली नाही. पुस्तकातली गंजी तिच्याकडं बघत होती.

बाईंनी सगळ्यांच्या रंगांच्या डब्यांतली काळ्या रंगाची बाटली काढून घेतली आणि आपल्या खणात ठेवली. "सावली काळी नसते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं म्हणून ती काळी. नीट बघा, मग कळेल कसली असते ते."

ठिपकीनं तीन कागद ठरवले. दुपार, संध्याकाळ, पहाट. फळकुटाला कागद टाचले, डब्याच्या फुटक्या झाकणात रंग कालवले आणि अंगणात पालथ्या टोपलीवर बसली.

शेजारची काकू कुंपणावरून डोकावली. "काय गं, काय चाललंय?"

"गंजी काढतेय."

"काढ बाई काढ. जनावरं उपाशी आणि पोरगी गवताची चित्रं काढते! झालं की घाल तोच कागद गाईपुढं."

ठिपकीचे कान तापले. पण हात चालू राहिला. दुपारचं चित्र तिला अवघड गेलं, कारण डोक्यावरच्या उन्हात गंजी दिसतच नव्हती. फक्त तापलेला पिवळा होता आणि बुडाशी निळसर रेघ. उन्हानं गवत आतून तडतडत होतं. मधेच आवाज यायचा, कुणी वर बसल्याजागी गुडघा बदलावा तसा. गवत तापलं की असा आवाज येतो, हे बापानंच तिला सांगितलं होतं. तरी प्रत्येक वेळी ती वर बघायची.

दुसरं चित्र संध्याकाळचं. रोज सूर्य कलला की गंजीची सावली अंगणभर लांबत जायची आणि घराच्या भिंतीवर चढायची. त्या घटकेला बैल रवंथ थांबवायचा. मान वर करून गंजीकडं बघायचा. बाप चाऱ्याची पाटी घेऊन यायचा ती हीच वेळ. आणि आई, कुठंही असली तरी, पाठ फिरवून उभी राहायची.

ठिपकीनं चार संध्याकाळी तेच चित्र काढलं, रोज अर्धी घटका, कारण तेवढ्यातच उजेड बदलायचा. सावली खरंच काळी नव्हती. जांभळी होती, तिच्या कडेनं तांबूस. ती भिंतीवरच्या सावलीची कड जशी दिसेल तशी उतरवत गेली. चौथ्या दिवशी मागं सरकून पाहिलं तर कागदावरच्या सावलीत, गंजीच्या शेंड्यावर, एक माणूस बसलेला होता. गुडघे मुडपून, मान थोडी पुढं.

तिनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवरही होता.

तिनं वर गंजीच्या शेंड्याकडं बघितलं. तिथं गवत होतं.

आई मागं कधी येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही.

"पुसून टाक ते," आई म्हणाली.

"आई, मी मुद्दाम नाही काढलं. सावलीच तशी पडते."

"माहीत आहे मला कशी पडते. पुस."

"पुसलं जात नाही गं, रंग वाळला."

आईनं कागद हातात घेतला. फाडते की काय असं ठिपकीला वाटलं. आईचा अंगठा त्या जांभळ्या माणसाच्या पाठीवर थोडा वेळ टेकून राहिला. मग तिनं कागद परत दिला आणि चूल पेटवायला आत गेली.

राहिली पहाट. बाजाराला दोन दिवस उरले होते. पहाटेचं ऊन गंजीच्या ज्या बाजूला पडायचं तिथं आईनं बोराटीच्या काट्यांचा ढीग टेकवून ठेवला होता. माणसाच्या डोक्याच्याही वर.

"आई, काटे जरा बाजूला करू? गंजी दिसत नाही."

"राहू दे. शेळ्या तोंड घालतात."

"आपल्याकडं शेळ्या कुठं आहेत?"

"काकूच्या आहेत ना! सांगितलं ते ऐक."

ठिपकीनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई पाल्याला गेली आणि पोरीनं काठीनं एकेक फांदी ओढून बाजूला केली. हातावर ओरखडे उठले. मग ती टोपलीवर बसली आणि सूर्याची वाट बघू लागली.

ऊन आलं ते घराच्या कडेनं, जमिनीला लागून, आडवं. गंजीच्या कडेवरून ते घासत गेलं आणि पेंढ्यांचे कापलेले बुंधे लक्ष लक्ष ठिपक्यांनी पेटले. पिवळे, केशरी, मधेच हिरवट. मात्र एका जागी ठिपके नव्हते. वरपासून खालपर्यंत एक पट्टा मऊ दिसत होता, वासराच्या पाठीवरच्या लवेसारखा. त्यावर गुलाबी उजेड थांबला होता. ठिपकी त्या वेळी रंगच शोधत होती, दुसरं काही नाही. तिला वाटलं दव असेल. तिनं ठिपक्यांसाठी कुंचला टेकवत नेला आणि त्या पट्ट्यासाठी ओढत नेला. दिसलं तसं.

कागद भिंतीला टेकवून वाळत ठेवला. आजोबा काठी टेकत आले.

"दाखव बघू, काय दिवे लावलेस."

"तुम्हाला दिसेल का आजोबा?"

"गंजी नाही दिसत मला. दहा पावलांवर नुसता ढग असतो. पण कागद नाकाला लावला की दिसतो."

त्यांनी कागद खरोखरच नाकाला लावला. वरून खाली नेला. मग पुन्हा वर. देवाचं नाव घेणारे त्यांचे ओठ थांबले.

"हा पट्टा काय म्हणून काढलास?"

"दिसला म्हणून."

"गुलाबी का?"

"गुलाबीच दिसला. बाई म्हणाल्या, माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा."

"तुझ्या बाईंचं भलं होवो," आजोबा म्हणाले. "पोरी, शेंडे बाहेर आहेत तिथं. हे तोंड आहे. तुझ्या बापानं ठेवलेलं तोंड."

ठिपकीनं गंजीकडं बघितलं. आता तो पट्टा तिच्या नजरेआड होईना. गंजी रचणाऱ्याची लेक, आणि इतक्या जवळ बसून डोळ्यांनी ते बघत होती, पण मनाला कळलं नव्हतं. माणसाचं असंच असतं. देव समोर उभा असतो आणि आपण त्याच्या पितांबराचा रंग न्याहाळत बसतो.

तेवढ्यात गोठ्यातून धप्प आवाज आला.

गाय बसली होती. बसली म्हणजे पडलीच. पुढचे पाय मुडपले आणि मागचा भाग एका अंगावर. डोळे उघडे होते, पण कान हलत नव्हते. आजोबांनी शेपूट धरलं, ठिपकीनं शिंगं. गाय हलली नाही. ठिपकी कुंपणाकडं धावली.

"काकू! गाय पडली!"

टोमणे मारणारी माणसंच हाकेला आधी येतात. काकू पोतं घेऊन धावत आली, गाईच्या पोटाखालून घातलं, एक टोक आपण धरलं. त्याच वेळी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आई फाटकातून आत शिरली. भारा टाकून तिनं दुसरं टोक धरलं. आजोबा शेपटाशी, ठिपकी खांद्याला खांदा लावून. दोन वेळा उचलली, दोन्ही वेळा खाली आली. तिसऱ्यांदा गाय उभी राहिली. तिचे चारही पाय थरथरत होते. आईनं पाला पुढं केला. गाईनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"पाल्यावर नाही जगायची ही," काकू हळू आवाजात म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता. "पोटात वासरू आहे गं. उद्या तो घेऊन जाईल, आणि वाटेतच..." पुढचं तिनं गिळलं आणि पोतं घडी करून निघून गेली.

आई गाईच्या मानेवर हात ठेवून उभी होती. आजोबा म्हणाले, "सूनबाई, तोंड सापडलंय."

आईनं मान वळवली. अंगणात बाजूला पडलेले काटे तिनं बघितले, मग भिंतीला टेकवलेला कागद.

"सापडायला हरवलं कुठं होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पेंढ्या वर कोण देत होतं त्या दिवशी? मीच ना? ते शेंडे बाहेर करून कुठल्या अंगाला लावतायत, मला दिसत नव्हतं होय?"

आजोबांची काठी जमिनीवर एकदा वाजली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर उघडली असती तुम्ही."

"उघडलीच असती! चारा आहे तो, मूर्ती नाही."

"मामंजी, ते बसतात तिथं." आईचा आवाज अगदी साधा होता, पाणी तापलंय असं सांगावं तसा. "संध्याकाळचे. वरती. तुम्हाला दिसत नाही, पण बैलाला दिसतं. हिलाही दिसलं, हिनं काढलंसुद्धा. गंजी संपली की त्यांनी बसायचं कुठं?"

ठिपकीच्या हाताला लागलेला गुलाबी रंग वाळून ताणला जात होता. तिला वाटलं, आपण हे चित्र काढलंच नसतं तर बरं झालं असतं. आणि लगेच गाईच्या धापा टाकणाऱ्या बरगड्या तिला दिसल्या, आणि काय बरं झालं असतं ते तिला कळेना.

आजोबा खाली बसले, जमिनीवरच.

"माझा मुलगा होता गं तो," ते म्हणाले. "तुझ्या आधी माझा होता. तो वर बसतो असं तू म्हणतेस, तर बसत असेल. मी आंधळा, नाही कशाला म्हणू? पण एवढं सांग. वर बसणाऱ्याला खालचं जास्त दिसतं की कमी?"

आईनं गोठ्याकडं बघितलं.

"ही गाय त्यानं वासरू असताना खांद्यावरून आणली. ती गोठ्यात धडपडतेय, आणि हा चाऱ्यावर मांडी घालून बघत बसलाय? असा होता का तो? तू ओळखतेस त्याला. तूच सांग."

ऊन वर आलं. गंजीवरचा गुलाबी उतरून पांढरा झाला. आईनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणी नव्हतं. तिनं पदर खोचला आणि सरळ त्या बाजूला गेली. शोधायला क्षणही लागला नाही. छातीएवढ्या उंचीवर हात घातला, एक पेंढी दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. पेंढी सुळकन बाहेर आली. तिच्यामागून वास आला, ओल्या हंगामाचा, हिरवा, वर्षभर कोंडून ठेवलेला.

गाईनं गोठ्यातून मान वर केली.

पहिली पेंढी ठिपकीनं नेली. गाईनं तोंडात धरली आणि चावायचीच विसरली, नुसती धरून उभी राहिली. मग तिचा जबडा हलायला लागला. दुसरी बैलाला. तिसरी पुन्हा गाईला. ठिपकी जात होती, येत होती. आई ओढत होती.

मग आईचे हात थांबले.

"काय झालं?"

"हे बघ."

बाहेरचा थर निघून आतला दिसत होता. त्या थरातल्या पेंढ्या सपाट नव्हत्या. शेजारी शेजारी दोन खळगे होते, वाटीएवढे, गुळगुळीत दाबलेले. गुडघ्यांचे. आईनं एका खळग्यात तळवा ठेवला. तळवा बरोबर बसला.

"मी खालून म्हणत होते, पुरे आता, उतरा," आई म्हणाली. "तर म्हणाले, अजून एक फेर."

तिनं ती पेंढी हलकेच काढली. तिच्याखाली पुन्हा दोन खळगे. त्यांच्याही खाली. जितक्या पेंढ्या तितक्या वेळा तो तिथं बसून गेला होता. आई एकेक काढून देत होती आणि ठिपकी एकेक नेत होती, गोठ्यात दोन जनावरं खात होती. आजोबा जागच्या जागी बसून हात जोडून ऐकत होते. चावण्याचा आवाज येत होता, बस्स.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. गाय उभी होती आणि खात होती. त्यानं गंजीच्या पोटातलं भोक बघितलं, मान हलवली आणि पाणी पिऊन गेला. ठिपकीनं तीन कागद सुरळी करून शाळेत नेले. बाईंनी पहाटेचा कागद खिडकीशी धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा पट्टा एवढा मऊ कसा साधला?"

"ओळखीचा होता, बाई," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई गंजीतून वैरण काढत होती. भोक आता मोठं झालं होतं. आई कमरेपर्यंत आत वाकलेली, बाहेर नुसते तिचे पाय आणि पदराचं टोक. सूर्य कलत होता. बैलानं रवंथ थांबवला होता.

ठिपकी हात पुढं करून भोकाशी उभी राहिली, पेंढी घ्यायला. आत सळसळ झाली. आईचा एक पाय जरा डावीकडं झाला, दाटीच्या जागी होतो तसा. आणि आतून तिचा आवाज आला, दबलेला, थोडा त्रासलेला, रोजच्या घरातला.

"अहो, सरका की जरा. पोर उभी आहे बाहेर."

ठिपकीनं पुढं केलेले हात मागं घेतले. मग ती एक पाऊल बाजूला झाली, एका माणसाला बाहेर पडता येईल एवढी वाट सोडून.